एकाच खात्यात तीन बुरशा

वाणिज्यच्या विद्यार्थ्याने बुरशीवर लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. गेल्या पावसाळ्यात सिल्वासाला आमच्या परसातल्या कुजक्या ओंडक्यावर तपकिरी, लिबलिबीत पाळ्या उगवल्या. शेजारी पिवळे थेंब. आई कानडीत म्हणाली, “किवि!” म्हणजे कान. मौज अशी, की ‘ऑरिक्युलेरिया’ या नावातही लॅटिनमधला कानच आहे.

मी दोन्हींची नोंद ‘जेली बुरशी’ अशी केली. खतावणी चुकली! उन्हात आक्रसणे नि पावसात फुगणे हे साम्य वरवरचे. बीजाणू धरणारी पेशी ऑरिक्युलेरियात आडव्या पडद्यांनी विभागते, ट्रेमेलात उभ्या. डॅक्रिमायसीसमध्ये तिला दोन फाटे फुटतात. एक्सिडियाची पेशीही उभीच विभागते, तरी ती निघाली ऑरिक्युलेरियाच्या गणातली. ट्रेमेला तर लाकडावर दिसली तरी दुसऱ्या बुरशीवर जगते.

चीनमध्ये पिकवली जाणारी कानबुरशी बरीच वर्षे युरोपातल्या जातीच्या नावावर जमा होती. २०१४ साली तिला ‘ऑरिक्युलेरिया हैमुअर’ हे स्वतंत्र नाव मिळाले.

“भाजी करू का?” आईने विचारले. नुसत्या कानावरून जात ठरत नाही, म्हणून मी नको म्हटले. पिवळे थेंब डॅक्रिमायसीस की ट्रेमेला, हेही सूक्ष्मदर्शकाशिवाय कळेना. तूर्त वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.