नवी प्रणाली, जुना संगणक : अडते नेमके कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा (तिला यापुढे आपण नुसते ‘प्रणाली’ म्हणू) अधिकृत पाठिंबा संपला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही प्रश्नपत्रिका टाइप झाल्या, हजेरीचे तक्ते छापले गेले. मग संपले ते काय? प्रणाली हा कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम असतो आणि त्यात सुरक्षेच्या फटी सापडतच राहतात. त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या दरमहा मोफत येत होत्या, त्या थांबल्या. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली होती. साहजिकच पुष्कळ शिक्षकांनी आपला घरचा संगणक विंडोज ११ वर न्यायचे ठरवले, आणि त्यातल्या अनेकांचे काम मध्येच कुठेतरी अडले.

अडले की दुरुस्ती करणारा ठरलेला प्रश्न विचारतो, ‘‘फॉरमॅट मारू का?’’ हा प्रश्न ऐकून लगेच ‘हो’ म्हणू नये. फॉरमॅट मारल्याने अडचण बहुधा सुटते हे खरे, पण पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रे आणि घरचे फोटो त्याबरोबर जाऊ शकतात. शिवाय अडचण कशाने आली होती, ते कळतच नाही. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजही नसते. दोष कोणत्या थरात आहे, एवढे आधी ओळखायला हवे.

संगणक हा एकावर एक रचलेल्या थरांचा आहे. तळाशी प्रत्यक्ष यंत्र, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क. त्यावर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला छोटा प्रोग्रॅम, फर्मवेअर. बटण दाबल्यावर सर्वांत आधी तो जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. त्याच्या वर प्रणालीचा गाभा. गाभ्याला चिकटून ड्रायव्हर, म्हणजे छापायचे यंत्र, ध्वनी, वाय-फाय यांच्याशी बोलणारे दुभाषे. आणि सर्वांत वर आपण वापरतो ते प्रोग्रॅम. प्रणाली बदलणे म्हणजे मधला थर काढून तेथे दुसरा बसवणे. खालचा थर नव्याला पेलेल का आणि वरचा थर नव्यावर बसेल का, या दोन सांध्यांपाशीच बहुतेक तक्रारी उद्भवतात.

प्रथम खालचा सांधा पाहू. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. ४ गिगाबाइट मेमरी, ६४ गिगाबाइटची डिस्क, ६४-बिट प्रोसेसर, यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप या तिच्या मुख्य अटी. प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासूनच्या प्रोसेसरांपासून सुरू होते. प्रोसेसर यादीत नसेल तर घरी करण्यासारखे काही नाही. तपासणी चुकवून प्रणाली बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी तेथे राहत नाही. आणि दुरुस्त्यांसाठीच तर हा खटाटोप चालला आहे!

टीपीएमचे मात्र वेगळे आहे. ‘‘तुमच्या संगणकात टीपीएम नाही’’ असे पडदा सांगतो, तेव्हा ती पुष्कळदा असते पण झोपलेली असते. अनेक मदरबोर्डांवर ती फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवलेली आढळते. शिवाय तेथे तिचे नाव निराळे असते : इंटेलच्या यंत्रांत पीटीटी, एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम. नाव ठाऊक नसल्यामुळे सेटिंग सापडत नाही आणि चांगला संगणक निकामी ठरतो.

यूईएफआयचा गुंता थोडा अधिक आहे. जुन्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला एमबीआर नावाचा तक्ता असे. डिस्कवरील प्रत्येक खणाचा क्रमांक त्यात ३२ बिटांत लिहिलेला असतो. खण ५१२ बाइटचा धरला तर २ चा ३२ वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढे हा तक्ता मोजूच शकत नाही. यूईएफआयबरोबर जीपीटी हा नवा तक्ता आला, त्यात क्रमांकांना ६४ बिट मिळाले. आता घोटाळा असा होतो. कोणी फर्मवेअरमध्ये जाऊन जुनी पद्धत बंद करतो आणि यूईएफआय चालू करतो. डिस्कवर तक्ता मात्र जुनाच असतो. मग यंत्र म्हणते, सुरू करण्याजोगी डिस्कच नाही. घरात हलकल्लोळ होतो. वास्तविक डिस्कवरचे काहीही गेलेले नसते. सेटिंग पूर्ववत केले की विंडोज १० पुन्हा उभी राहते. योग्य क्रम उलटा आहे : आधी विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने तक्ता बदलायचा, मग फर्मवेअरचे सेटिंग. हे साधन डिस्कवरील माहिती न पुसता तक्ता बदलते. तरीही प्रत काढल्याशिवाय ते चालवू नये.

प्रत काढण्याविषयी एवढेच सांगतो की, बाहेरच्या डिस्कवर प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातल्या चार-दोन फायली उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

फर्मवेअरला हात लावण्याआधी आणखी एक गोष्ट. अनेक नव्या लॅपटॉपांमध्ये डिस्कवरील माहिती कूटबद्ध केलेली असते, आणि मालकाला ते माहीतही नसते. कुलपाची किल्ली टीपीएम सांभाळते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर आणि त्याची सेटिंगे पूर्वीसारखीच आहेत ना, याची खूण ती पडताळते आणि जुळली तरच किल्ली देते. तुम्ही सेटिंग बदललेत की खूण जुळत नाही. मग निळा पडदा ४८ अंकांची पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती नसेल तर माहिती गेली. फॉरमॅट मारून संगणक परत मिळेल, फायली मिळणार नाहीत. म्हणून बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, हे सेटिंग्जमध्ये आधी पाहावे. असल्यास किल्ली कागदावर उतरवून घ्यावी (बहुधा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली सापडते) आणि काम होईपर्यंत संरक्षण तात्पुरते स्थगित करावे.

या किल्लीत गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असे काही आहे. ४८ अंक सहा-सहाच्या आठ गटांत लिहिलेले असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ ४२२५८७ हा गट घ्या. एकाआड एक अंकांची बेरीज करा : ४ + २ + ८ = १४ आणि २ + ५ + ७ = १४. फरक शून्य, म्हणजे ११ ने भाग जातो. आता उतरवताना ८ चा ३ झाला, तर बेरजा ९ आणि १४ येतात. फरक ५, गट चुकला. एका अंकाची चूक फरकाला जास्तीत जास्त ९ ने हलवते, त्यामुळे ती ११ च्या कसोटीतून कधीच निसटत नाही. शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तरी पकडले जातात. ते का, हे नववीच्या मुलांना शोधू द्यावे. भागाकार केल्यावर उरणारी संख्या ६५,५३६ पेक्षा लहान असते, म्हणजे १६ बिटांत मावते. असे आठ गट मिळून १२८ बिट होतात. एवढ्या शक्यता चाचपून किल्ली शोधणे कोणालाही शक्य नाही, दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही.

आता प्रत्यक्ष बदल सुरू झाला असे समजू. संगणक मध्येच थांबतो, ‘पूर्वीच्या प्रणालीकडे परत जात आहे’ असे म्हणतो आणि शेवटी एक सांकेतिक क्रमांक दाखवतो. बहुतेक जण तो न वाचताच खिडकी बंद करतात. रोग्याचा तापमानाचा तक्ता फाडून टाकण्यासारखेच हे आहे. क्रमांक सोळाच्या पायावर लिहिलेला असतो. सुरुवातीचे ‘शून्य-एक्स’ हीच त्याची खूण. समजा, ८००७००७० असे आले. ८००७ हा आरंभ सांगतो की पुढचे चार अंक म्हणजे विंडोजच्या जुन्या, साध्या त्रुटी-यादीतला अनुक्रमांक आहे. ००७० म्हणजे ७ गुणिले १६ अधिक ०, बरोबर ११२. यादीत ११२ समोर लिहिले आहे : डिस्कवर जागा नाही. उपाय उघड आहे. २५-३० गिगाबाइट जागा मोकळी करावी. शेवटचे चार अंक ०००५ असते, तर अर्थ झाला असता ‘परवानगी नाही’.

सी१९००१०१ असा आरंभ असेल तर बोट ड्रायव्हरकडे जाते. त्याच्या पुढे जोडलेला दुसरा क्रमांक अधिक उपयोगी, कारण काम कोणत्या टप्प्यात थांबले हे त्याचा पहिला अंक सांगतो. १ म्हणजे जुनी प्रणाली अजून चालू असताना. २ म्हणजे ती बाजूला ठेवून छोट्या तात्पुरत्या प्रणालीतून फायली मांडताना. ३ म्हणजे नवी प्रणाली पहिल्यांदा उभी राहताना. २००१७ आणि ३००१८ हे क्रमांक वारंवार दिसतात. दोन्ही ठिकाणी उपाय सारखाच असतो : माउस, कळफलक आणि पडदा सोडून सगळी जोडलेली उपकरणे काढावीत, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस उतरवावा, पडद्याचा आणि डिस्कचा ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. यश आले नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद करावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. शाळेत असे पाच संगणक असतील तर हे न कळणे महागात पडते.

वरच्या सांध्याकडे वळू. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात येते. जुनी ३२-बिट विंडोज १० असेल तर तिच्यावरून थेट चढता येत नाही, नव्याने बसवावीच लागते. फॉरमॅट मारण्याला खरे कारण असते ते येथे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे डॉसच्या काळातला निकाल किंवा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम बंद पडतो. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये तो अनेकदा चालवता येतो. उपकरणांचे ड्रायव्हरही ६४-बिट लागतात. जुन्या प्रिंटरच्या निर्मात्याने तसा ड्रायव्हर केलाच नसेल, तर प्रिंटर ठणठणीत असूनही मुका राहतो. वाय-फायचे असे झाले तर पंचाईत मोठी, कारण ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर! अशा वेळी फोन यूएसबी वायरीने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्यावे.

मराठी शिक्षकांची खास तक्रार अक्षरांची. नव्याने प्रणाली बसवली, जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसला. फाइल बिघडलेली नाही. जुन्या फाँटांत ‘क’ला स्वतःचा क्रमांक नव्हता, एखाद्या रोमन अक्षराच्या क्रमांकावर ‘क’चे चित्र बसवलेले असे. फाँट गेला की चित्र जाते आणि मूळ क्रमांक उघडा पडतो. युनिकोडने देवनागरीला स्वतःचे १२८ क्रमांक दिले, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर कोणत्याही देवनागरी फाँटात वाचता येतो. म्हणून विंडोजच्या फाँट्स या फोल्डरमधले आपले जुने मराठी फाँट प्रणाली बदलण्याआधी जपून ठेवावेत. परत घातले की प्रश्नपत्रिका पूर्ववत दिसते. पुन्हा लागणारे मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावेत, रूपांतर करणारी साधने आहेत. जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात. मंगल फाँट वापरणाऱ्यांनी गोंधळू नये. तो युनिकोडचाच आहे, फक्त विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पूरक फाँटांत गेला, आणि सेटिंग्जमधील ऐच्छिक सुविधांतून तो बसवता येतो.

सगळे नीट झाल्यावरही पहिले काही तास संगणक मंद वाटतो. तो फायलींची सूची नव्याने करत असतो. त्याला करू द्यावी. काही मोडलेले आढळले तर दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीकडे परतता येते. म्हणून प्रिंटर, मराठी टंकलेखन, शाळेचे ऑनलाइन काम हे सगळे पहिल्या आठवड्यातच वापरून पाहावे. विंडोज-ओल्ड हे मोठे फोल्डर जागा अडवते म्हणून लगेच पुसू नये, परतीची वाट तेथूनच जाते.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक चमत्कारिक दोष आढळतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक घट असतो, सीआर२०३२ : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते, आणि कित्येक यंत्रांत फर्मवेअरची सेटिंगेही मूळपदावर येतात. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात, दुरुस्त्या उतरत नाहीत आणि काल चालू केलेली टीपीएम आज पुन्हा नाहीशी होते. मल्टिमीटरने दाब मोजावा. तो पावणेतीन व्होल्टांच्या खाली असेल तर घट बदलावा. खर्च फार तर शंभर रुपयांच्या आसपास.

राहिले ते प्रोसेसरच्या अटीत न बसणारे संगणक. ते भंगारात देण्याची घाई नको. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काही न लिहिता, चालवून पाहता येते. प्रिंटर, ध्वनी आणि मराठी कळफलक चालतात का ते तेथेच कळते. केरळच्या शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. आणि एखादा प्रोग्रॅम किंवा उपकरण जुन्या विंडोजवाचून चालतच नसेल, तर त्या यंत्राचे इंटरनेट काढून घ्यावे. आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या वर्णपटमापकाचा संगणक असाच एकांतात ठेवला आहे. त्याच्यातली मोजमापे पेनड्राइव्हवर घेतो, आणि तो पेनड्राइव्ह इतर कामाला वापरत नाही.