ॲड वोलगास्ट : चिवटपणाची किंमत

मुष्टियुद्धात खेळाडूंचे गट वजनावरून ठरतात. सुमारे 61 किलो वजनापर्यंतच्या गटास 'लाइटवेट' म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅडिलॅक येथे 1888 साली जन्मलेला ॲड वोलगास्ट हा या गटातील मुष्टियोद्धा.

22 फेब्रुवारी 1910 रोजी कॅलिफोर्नियात बॅटलिंग नेल्सनशी 40 फेऱ्या झुंजून त्याने जगज्जेतेपद मिळवले. आज अशी लढत फार तर 12 फेऱ्यांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या झुंजीची भीषणता कळते. पुढच्याच वर्षी अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे त्याला एक ठरलेली लढत सोडावी लागली. 4 जुलै 1912 रोजी तेराव्या फेरीत तो व जो रिव्हर्स एकाच वेळी कोसळले. पंचाने वोलगास्टला सावरून उठवले आणि त्यालाच विजयी घोषित केले. हा निर्णय वादग्रस्त ठरला. त्याच नोव्हेंबरात विली रिचीविरुद्ध नियमबाह्य ठोसा मारल्याने त्याचे अजिंक्यपद गेले.

त्यानंतरही तो लढत राहिला. परंतु डोक्यावर बसलेल्या असंख्य ठोशांनी त्याचा मेंदू दुबळा केला होता. अखेरची अनेक वर्षे मनोरुग्णालयात काढून 1955 साली तो निवर्तला. प्रेक्षकांनी ज्या चिवटपणाचे कौतुक केले, त्यानेच त्याचा घात केला. खेळाडूला वेळीच थांबवणारे नियम का आवश्यक आहेत, हे त्याच्या चरित्रावरून समजते.