‘बोलेल की, घाई काय?’

‘ताई, तुमी शिकवणी घेता का?’ औशातल्या माझ्या खोलीवरची पाटी वाचून बायका हमखास हेच विचारतात. पाटीवर लिहिलंय, ‘वाचा व भाषा उपचार केंद्र’. आता ‘वाचा’ म्हटल्यावर पुस्तक वाचा, असाच अर्थ कुणालाही लागणार! शेवटी रंगाऱ्याला बोलावून खाली एक ओळ वाढवून घेतली, ‘उशिरा बोलणारी, अडखळत बोलणारी मुलं आणि लकव्यानं बोलणं गेलेले पेशंट यांच्यासाठी’. तेव्हा कुठं लोक आत डोकावायला लागले.

मी लातूर पॅटर्नमधली पोर. अकरावी-बारावीची दोन वर्षं पहाटेच्या क्लासपासून रात्रीच्या टेस्टपर्यंत एकच जप, एमबीबीएस! तिथवर मार्क पोचले नाहीत. प्रवेशाच्या यादीत ‘बीएएसएलपी’ असं लांबलचक नाव दिसलं, तेव्हा घरात कुणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. ऐकणं आणि बोलणं यांचं शास्त्र. खरं तर हा कोर्स काही नवा नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात तो १९६६ सालापासून शिकवतात. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. पण आपल्याकडच्या मुलींच्या कानावर हे नावच येत नाही. चार वर्षं पदवीची, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं आणि पुढं दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षणाची. सहा वर्षांनी पुण्यातल्या एका दवाखान्यात नोकरी चालून आली. वडिलांना वाटत होतं, घ्यावी. मी औशाला परत आले.

कारण साधं होतं. हा उपचार एका गोळीनं, एका इंजेक्शननं होत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा असं महिनोन् महिने यावं लागतं. औसा ते लातूर वीस किलोमीटर. पण खेड्यातून आधी औशाला, मग तिथून लातूरला, लेकरू कडेवर घेऊन जायचं म्हणजे आईचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं थोडा आधार मिळाला. बुडालेला रोज मात्र कोण भरून देणार?

पहिल्या महिन्यात चार पेशंट आले. दुसऱ्या महिन्यात सहा, त्यातले दोन शिकवणी समजून. खोलीचं भाडं वडील भरत होते आणि नात्यातली एक काकू सगळ्या गल्लीत सांगत होती, ‘सहा वर्षं शिकून पोरगी लेकरांसंगं खेळत बसती!’

काकूचंही बरोबर आहे म्हणा. वरून बघणाऱ्याला तो खेळच दिसतो. डब्यात मुरमुरे ठेवायचे, झाकण घट्ट लावायचं आणि डबा लेकराच्या हातात द्यायचा. ते झाकणाशी झटतं, मग आपल्याकडं बघतं. इथं आई पटकन डबा उघडून देते, कारण मायेला राहवत नाही. मी तिला म्हणते, थांबा, मनातल्या मनात पाच आकडे मोजा. लेकराला मागायची गरज वाटू द्या. त्यानं ‘उ’ म्हटलं तरी झाकण काढायचं आणि आपण स्पष्ट म्हणायचं, ‘उघड’. ते ‘पाणी’ म्हणालं, की आपण ‘गार पाणी’ म्हणायचं. एकेक शब्द असा पुढं सरकतो. माझ्याकडं लेकरू आठवड्यातून दोन तास असतं, बाकीचा सगळा वेळ घरात. म्हणजे खरा उपचार कोण करणार? आईच ना!

शहरातून आणलेली चित्रांची कार्डं इथं फारशी चालली नाहीत. ट्रॅफिक सिग्नल दाखवला तर लेकरू नुसतं बघत राहतं. शेळी, भाकरी, एसटी, विळा, सोयाबीनची रास अशी चित्रं मी स्वतः काढली. आपल्या भागात कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या घरी दखनी. ‘घरात मराठीच बोला, नाहीतर लेकरू गोंधळतं’ असं तांड्यावरच्या एका आईला कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळं तिनं लेकराशी बोलणंच कमी केलं होतं! दोन भाषा कानावर पडल्यामुळं मूल मुकं होत नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाडानं बोलता, गाणं म्हणता, त्याच भाषेत बोला.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते एका वाक्याशी. ‘बोलेल की, घाई काय? त्याचा बापबी उशिराच बोलला हुता.’

किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातून चार वर्षांचं पोरगं आलं. आईबरोबर आजी होती, आणि हे वाक्य तिचंच. वेखंड उगाळून झालं होतं, पोपटानं उष्टावलेला पेरूही खाऊ घालून झाला होता. जीभ जड आहे, तेवढी मोकळी करून द्या म्हणून त्या आल्या होत्या. मी त्याच्या पाठीमागं जाऊन स्टीलचं ताट वाजवलं. पोरगं वळलं नाही. त्याच्या जिभेत काहीच दोष नव्हता. ऐकलेलंच नाही ते ओठावर कुठून येणार? लातूरला बेरा तपासणी करायला पाठवलं. त्यात दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं असं निघालं.

ती आई रडली. माझ्या मात्र डोक्यात त्या चार वर्षांचा हिशेब चालू होता. आता जन्मल्याबरोबर बाळाच्या कानाची तपासणी करता येते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा नियम आहे. कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते, पण त्यासाठीही वय लहान लागतं. ‘बोलेल की’ म्हणत घालवलेला एकेक महिना असा महाग पडतो.

पोराला यंत्र बसवलं. पहिले आठ दिवस त्यानं ते काढून फेकलं. मग गंमत झाली. आजीनंच कंबर कसली. आजी सारखी बोलणारी! भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, जे करते ते त्याला सांगत राहायची. मला तरी याहून वेगळं काय हवं होतं? पाच महिन्यांनी पोरगं ‘आजी’ म्हणालं. शब्द अजून मोजकेच आहेत, रस्ता लांबचा आहे. इम्प्लांटसाठी त्यांच्या मुंबईच्या फेऱ्या चालू आहेत.

सगळ्यांचंच असं होत नाही. सोयाबीनची काढणी आली की माझ्या वहीतली निम्मी नावं गळतात. त्यातली काही परत येतच नाहीत. फोन केला तर ‘येतो की, रास झाल्यावर’. राग करून उपयोग नसतो. मग मी फोनवरच घरचा अभ्यास सांगते आणि येतील तेव्हा पुढचं बघते.

आता लहान मुलांशिवायही पेशंट येतात. लकव्यानंतर बोलणं गेलेले आजोबा येतात. त्यांना सगळं कळतं, पण शब्द सापडत नाही. घरचे मात्र ‘डोक्यावर परिणाम झाला’ समजतात. वर्गात ओरडून ओरडून आवाज बसलेल्या शिक्षिका येतात. भाडं आता मीच भरते. पुण्याच्या पगाराएवढं अजून हातात येत नाही, हेही खरं. पण औशातून लातूरला जाणाऱ्या त्या दुसऱ्या एसटीतून काही आया वाचल्या, हे मला दिसतं.

बारावी सायन्सच्या मुलींनो, एमबीबीएस हुकलं म्हणजे सगळं संपलं नाही. ही वाटही बघून ठेवा. आणि आयांनो, लेकरू बोलत नाही म्हणून सासरी तुम्हाला बोल लावत असतील, तर तो मनावर घेऊ नका. तपासणी मात्र पुढं ढकलू नका.

एवढं लक्षात ठेवा
• मोठ्या आवाजानं बाळ दचकत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.
• वर्षाच्या आसपास पहिला शब्द यायला हवा. दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल तर वाट बघू नका.
• येत असलेले शब्द कमी होत गेले, तर लगेच दाखवा.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.
• उपचार करणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का, ते विचारा. विचारायला लाजू नका.
• २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषाचाही समावेश आहे.