ठासणीच्या बंदुकीचे बार आगाऊ मोजून ठेवण्याविषयीं

भात पोटरीस आलें कीं आमच्या तळकोंकणांत मचाणावर रात्री जागविण्याचे दिवस सुरू होतात. रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत वर्षाची बेगमी तुडवून जातो, हें खातेदार बंधूंस निराळें सांगणें नको. सन १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्यें पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची तरतूद आहे. अशीं प्रकरणें कारकुनी करितांना माझ्या हाताखालून पुष्कळ गेलीं. अर्जास सातबाऱ्याचा उतारा जोडला आहे कीं नाहीं, हें आम्हीं नेमकें पाहत असूं. परंतु अर्जदार दारू कशांतून व कशी ओतणार, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. वास्तविक मला तरी तें सुचावयास हवें होतें. त्याचें कारण सांगतों.

सन १९८३ च्या भाद्रपदांत माझ्या चुलत्यांनीं मचाणावरून एक बार काढला. डुकरें पांगलीं, पण फिरून येतील म्हणून त्यांनीं लागलीच दुसरा बार भरावयास घेतला. दारूचें शिंग उघडून नळीच्या तोंडाशीं लाविलें आणि अंदाजानें दारू सोडली. पहिल्या बाराच्या चिंधीचा एक तुकडा तळाशीं धुमसत राहिला होता. जाळ दारूच्या धारेवरून वर चढला आणि शिंग हातांतच फुटलें. मी खालीं कंदील धरून उभा होतों. त्यांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. त्या वर्षीं पीक बचावलें, परंतु पुढें नांगर धरण्यास गडी ठेवावा लागला तो कायमचाच.

दोष बंदुकीचा नव्हता, दारूचाही नव्हता. सारा सांठा नळीच्या तोंडाशीं नेला, एवढीच चूक झाली. हातांत एकाच बाराची दारू असती तर भडका झाला असता, हात भाजला असता. पण बोटें बहुधा राहिलीं असतीं. सबब पहिला नियम हा, कीं शिंगांतून किंवा डब्यांतून थेट नळींत दारू कधींही ओतूं नये.

ही युक्ति नवी नाहीं. सतराव्या शतकांत युरोपांतील शिपाई एकेका बाराचीं लांकडी नळकांडीं पट्ट्यास टांगून खांद्यावरून घेत. तीं खडखडत व एकमेकांत गुंतत. स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ (कारकीर्द १६११ ते १६३२) याच्या सैन्यांत कागदी पुडींत बांधलेला बार प्रचारांत आला. आपला ‘काडतूस’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. १८५३ च्या एनफील्ड रायफलीच्या कागदी काडतुसांत अडीच ड्राम, म्हणजे सुमारें ६८ ग्रेन, दारू आगाऊ मोजलेली असे. सन १८५७ मध्यें ज्याच्या चरबीवरून असंतोष पेटला, तें काडतूस हेंच. मात्र हें प्रमाण त्या रायफलीचें आहे. तें आपल्या बंदुकीस लावूं नये. आपल्या बंदुकीचें प्रमाण परवानाधारक जाणत्या कारागिराकडून ठरवून घ्यावें व त्यापुढें जाऊं नये.

आतां रीत. दिवसाउजेडीं, चूल, दिवा व विडी यांपासून दूर बसून ठरलेल्या मापानें दारू मोजावी. बारीक व जाड दाण्याची दारू एकाच मापांत सारख्या वजनाची भरत नाहीं. म्हणून दारू बदलली कीं माप फिरून ताडून पाहावें. प्रत्येक बार घट्ट झांकणाच्या लहान नळकांड्यांत भरावा. कांच वापरूं नये. फुटल्यास तिच्या चिरफळ्या उडतात. कागदी पुडी पावसाळी हवेंत ओल धरते. केपा निराळ्या डबींत, दुसऱ्या खिशांत ठेवाव्या. एका रात्रीस लागतील तेवढेच बार न्यावे.

बार निघाल्यावर थोडा वेळ थांबावें, ओलसर चिंधी गजानें तळापर्यंत फिरवावी व मग कोरडी. दारू, बोळा, छर्रे, पुन्हां बोळा, हा क्रम. केप सर्वांत शेवटीं. भरतांना तोंड व छाती नळीच्या रेषेंत आणूं नये.

या रीतींत हिशेबाचीही सोय आहे. अंधारांत एकावर एक दोन बार ठासले गेले तर नळी फुटते. रिकामें नळकांडें दुसऱ्या खिशांत टाकावें. पांच नेलीं व दोन रिकामीं झालीं, पण आवाज एकच झाला, तर एक बार नळींत आहे हें निश्चित. शिवाय गजावर दोन खुणा कराव्या : एक रिकाम्या नळीची, दुसरी एका बाराची. गज त्याहून वर राहिला तर हात आवरावा.

दारू परवानाधारक दुकानांतूनच व परवान्यांतील मर्यादेंत घ्यावी. बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकींत कधींही घालूं नये. तसेंच, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें त्यासाठीं वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

चुलते आज हयात नाहींत. तें फुटकें शिंग आमच्या माजघरांत खुंटीस टांगलेलें आहे. बंदूक घेऊन निघणाऱ्या घरच्या मुलास मी आधीं तें दाखवितों आणि मग नळकांडीं मोजून त्याच्या हातीं देतों.