मोठा आकडा पुरावा नव्हे

यकृत प्रत्यारोपण करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की नातेवाइकांत एकच चौकशी सुरू होते: सगळ्यांत जास्त ट्रान्सप्लांट कुठे होतात? जिथे आकडा मोठा तिथे माणूस वाचणार, जिथे लहान तिथे जीव धोक्यात, असं जणू सिद्धच झालेलं असतं. हे इतक्या ठामपणे आणि इतक्यांदा ऐकावं लागतं की आता चीड येते. आयुष्याचा निर्णय एका आकड्यावर टाकला जातो म्हणून.

समज हवेतून आलेला नाही. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या केंद्रांचा अभ्यास आला. वर्षाला २० किंवा त्याहून कमी प्रत्यारोपणं करणाऱ्या केंद्रांत पहिल्या वर्षात सुमारे २६ टक्के रुग्ण दगावले. त्याहून जास्त करणाऱ्यांत २० टक्के. फरक मोठा आहे. पण याच अभ्यासातली दुसरी नोंद कुणी सांगत नाही: मोठ्या केंद्राशी संलग्न असलेल्या लहान केंद्रांचे निकाल मोठ्यांच्या तोडीचे होते. म्हणजे संख्या कमी असूनही, अनुभवी टीमचा आधार असला की रुग्ण वाचत होते.

शिवाय ही माहिती १९८७ ते १९९४ या काळातली. २००२ मध्ये अमेरिकेत ‘मेल्ड’ गुणांनुसार, म्हणजे ज्याचा आजार जास्त गंभीर त्याला आधी, असं यकृतवाटप सुरू झालं. त्यानंतरच्या रुग्णांवरच्या २००६ च्या अभ्यासात केंद्राची संख्या आणि रुग्णांचं जगणं यांचा संबंध आढळला नाही. मात्र दात्याचं यकृतच जोखमीचं असेल, तर मोठ्या केंद्रांचे निकाल सरस असल्याचं पुढच्या संशोधनात दिसलं. तेव्हा ‘संख्येला अर्थच नाही’ असंही कुणी म्हणू नये. अवघड केसमध्ये आहे.

आणि हे अमेरिकी आकडे मुख्यतः मृत दात्यांच्या यकृतांचे. भारतात बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून, बहुधा जवळच्या नातेवाइकाकडून, होतात. तिथे शिकण्याचा काळ खरोखर महाग पडतो: अमेरिकेतल्याच अभ्यासात केंद्राच्या पहिल्या २० जिवंत-दाता प्रत्यारोपणांमध्ये नवं यकृत निकामी होण्याचं प्रमाण जास्त होतं. शिवाय टेबलावर एक निरोगी माणूसही असतो.

‘सर्जन नामांकित, मग झालं’ हेही अपुरं. भूलतज्ज्ञ, आयसीयू, संसर्ग ओळखणारी टीम यांच्यावरही जीव अवलंबून असतो. ‘यशाचं प्रमाण जास्त म्हणजे केंद्र उत्तम’ हेही तपासून घ्यावं. कमी आजारी रुग्ण निवडले तर प्रमाण चढतंच. ‘ऑपरेशन झालं की सुटलो’ हे तर धोकादायक. औषधं आणि तपासण्या जन्मभर चालतात, म्हणून फार लांबचं केंद्र निवडताना पुढच्या फेऱ्यांचा विचार हवा.

अमेरिकेत प्रत्येक केंद्राचे निकाल, रुग्णांची जोखीम हिशेबात धरून, दर सहा महिन्यांनी जाहीर होतात. आपल्याकडे तसं सहज मिळत नाही, म्हणून रुग्णालयालाच विचारा: आमच्यासारखे रुग्ण गेल्या वर्षी किती होते, त्यातले वर्षभराने किती हयात आहेत, जिवंत दात्यांना काय गुंतागुंत झाली, आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर कोण येतं?