जुन्या वॉल्व्ह सेटची दुरुस्ती

मराठवाड्यात वरात म्हटली की बँजो आलाच. नांदेड असो, लोहा असो की लातूर, चौकात बँजोवाला सूर धरतो आणि पोरे नाचायला लागतात. २०१६ साली रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट काढला आणि त्यात बँजोवाला झाले ते आपल्या लातूरचे रितेश देशमुख. मात्र आपण ज्याला बँजो म्हणतो तो साहेबाचा बँजो नव्हे, तो बुलबुलतरंग. जपानमधील नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तारा आणि टाईपरायटरसारख्या कळा एकत्र करून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. त्याचाच हा भारतीय अवतार. या वाद्याचा मूळचा आवाज खोलीपुरता. वरातीत तो कुणाला ऐकू येणार? म्हणून तारांखाली पिकअप बसवतात आणि त्याची वायर ॲम्प्लिफायरला जोडतात. आज मला बोलायचे आहे ते या ॲम्प्लिफायरबद्दल, त्यातही वॉल्व्हच्या जुन्या सेटबद्दल. रेडिओ दुरुस्तीत माझी हयात गेली, त्यामुळे या खोक्यांशी माझी जुनी ओळख आहे.

वॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मधोमध कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो. दोघांच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते. तिला ग्रिड म्हणतात. रात्री पाण्याला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला पुढचे सांगावे लागणार नाही. दारे उघडायला जोर थोडाच लागतो, पण त्यावर पाटातले सगळे पाणी वळते. बँजोच्या पिकअपमधून येणारी वीज अगदी क्षीण असते. ती ग्रिडवर दिली की प्लेटकडचा मोठा प्रवाह तिच्या तालावर कमी-जास्त होतो. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन भागांचा वॉल्व्ह केला, १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी त्यात ही जाळी घातली आणि आवाज वाढवण्याची सोय झाली. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू वॉल्व्हचे दिवस गेले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले वॉल्व्ह एके काळी आमच्या दुकानात सहज मिळत. आता नवे वॉल्व्ह येतात ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून.

मग लोक अजून हे सेट का सांभाळतात? कारण त्यांचा आवाज. जास्त जोर दिला की ट्रान्झिस्टरचा सेट एकदम फाटतो. वॉल्व्हचा सेट हळूहळू भरत जातो आणि त्या भरण्यातही एक गोडवा असतो. जगातले गिटारवाले त्यासाठीच वॉल्व्हला चिकटून आहेत. गंमत अशी की त्यांचे प्रसिद्ध ॲम्प्लिफायर बनवणारे लिओ फेंडर हे मूळचे आमच्याच धंद्यातले. १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले होते. ढोलकी असो की गिटार, वाजवणाऱ्याची तक्रार कान देऊन ऐकणारा मेकॅनिक असला की चांगले यंत्र तयार होते, असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर लोहा तालुक्यातल्या एका बँजो पार्टीचा तरुण सेट घेऊन आला. ईसीसी८३ हा छोटा वॉल्व्ह, शेवटी ईएल८४ हे दोन, म्हणजे साधारण पंधरा वॅटचा सेट. “मामा, नुसतं घूं घूं करायलंय. बँजोचा आवाजच येईना. आन् तारांला हात लावला की मुंग्या येतात,” तो म्हणाला. घूं घूं हा त्याला मोठा आजार वाटत होता आणि मुंग्या ही किरकोळ तक्रार. मला भीती वाटली ती मुंग्यांची.

असा सेट हातात आला की पहिला नियम : चालू करून बघायचा नाही. बरीच वर्षे पडून राहिलेल्या सेटमधले फिल्टर कंडेन्सर वाळून जातात. थेट वीज दिली की ते शॉर्ट होतात आणि जाताना मेन ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. ट्रान्सफॉर्मर हा सेटमधला सर्वांत महागडा आणि न मिळणारा भाग.

दुसरा नियम जिवाचा आहे. प्लग काढला म्हणजे सेट मेला, असे समजू नये. फिल्टर कंडेन्सरमध्ये साडेतीनशे व्होल्ट दडून बसलेले असू शकतात. दहा किलोओहम, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनच्या दांडीवर बसवून तो कंडेन्सरच्या टोकांना लावायचा. बत्तीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दोन सेकंदांत रिकामा होतो, तरी पाच सेकंद मोजावेत. मग मीटरने खात्री करायची आणि त्यानंतरच आत हात घालायचा, तोही शक्यतो एकच. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

घूं घूं होण्याचे कारण सोपे होते. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, रेक्टिफायरनंतर तिचे शंभर हेलकावे होतात आणि ते गिळण्याचे काम फिल्टर कंडेन्सरचे. ते वाळले की हेलकावे थेट स्पीकरमध्ये येतात. मी ते बदलले. सोबत कागदाचे जुने कपलिंग कंडेन्सरही बदलले. हे कंडेन्सर गळायला लागले की मागच्या वॉल्व्हचा दाब पुढच्या ग्रिडवर उतरतो, दारे सताड उघडे राहते, प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वाढत जातात, म्हणून एकेक मोजून घेतला.

मग सिरीज बल्ब. साठ वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या एका वायरमध्ये जोडायचा आणि आधी वॉल्व्ह काढून वीज द्यायची. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बने सेट वाचवला. वॉल्व्ह बसवल्यावर स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा दाब येतो. वॉल्व्हच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, तो वॉल्व्ह गेला.

शेवटचे मोजमाप कॅथोडचे. समजा, एका ईएल८४ च्या कॅथोडला १५० ओहमचा रेझिस्टर आहे आणि त्यावर साडेसात व्होल्ट दिसले, तर प्रवाह पन्नास मिलिॲम्पिअर. प्लेट आणि कॅथोडमध्ये २४० व्होल्ट असतील तर गुणाकार बारा वॅट. या वॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा बारा वॅटच आहे, म्हणजे काठावरचे काम. रात्री उशिरा आपल्याकडे व्होल्टेज चढते, म्हणून मी थोडा मोठा रेझिस्टर घालून ते खाली आणले. आवाज कणभर कमी होतो, वॉल्व्ह मात्र जास्त टिकतो.

आता मुंग्या. जुन्या सेटमध्ये खरखर कमी व्हावी म्हणून विजेच्या वायरपासून चॅसीपर्यंत एक छोटा कंडेन्सर असे. या सेटमधला तो गळका झाला होता. प्लग दोन पिनांचा, कसाही उलटा बसणारा. त्यामुळे फेज चॅसीवर आणि तेथून पिकअपच्या जाळीच्या वायरीने तारांवर येत होता. मीटरने चॅसी आणि जमिनीमध्ये १८० व्होल्ट दाखवले. कोरड्या चपलेवर मुंग्या येतात, ओल्या जमिनीवर माणूस जातो. मी तो कंडेन्सर काढून टाकला, तीन तारांची केबल घातली, हिरवी तार चॅसीला बोल्टने आवळली आणि फेजमध्ये फ्यूज बसवला.

“मामा, मांडवात अर्थिंग कुठून आणू? दोन पिनांचंच ठेवा की,” तो म्हणाला. त्याची अडचण खोटी नव्हती. लग्नाच्या तारखा ठरलेल्या, सुपाऱ्या घेतलेल्या. तरी मी सेट दिला नाही. घरी मीठ-कोळसा घालून अर्थिंग कर, आणि बाहेरच्या बोर्डावर तीस मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी लाव, असे सांगितले. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. जनरेटरवर वाजवायचे असेल तर न्यूट्रल जनरेटरच्या सांगाड्याला आणि अर्थला जोडलेला हवा, नाहीतर ईएलसीबी पडणारच नाही. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. तो चिडून गेला. आठ दिवसांनी बोर्ड तयार करून, तो दाखवायला घेऊनच आला. त्या उन्हाळ्यात सेट सगळ्या वरातींत वाजला.

एक सूचना जुने रेडिओ बाळगणाऱ्यांना. काही रेडिओंना मागे ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोके असतात आणि हौशी मुले त्यात बँजो जोडतात. एसी-डीसी प्रकारच्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक तार थेट चॅसीला असते. आतल्या वॉल्व्हचे नाव इंग्रजी ‘यू’ अक्षराने सुरू होत असेल तर तो असाच सेट समजावा आणि त्याला कोणतेही वाद्य जोडू नये. त्यावर फक्त गाणी ऐकावीत.

दुरुस्ती झाल्यावर मी काढलेले भाग पिशवीत घालून मालकाला देतो आणि झाकणाच्या आत एक कागद चिकटवतो. त्यावर तारीख, बदललेले भाग, मोजलेले व्होल्टेज. आमच्या पिढीचे मेकॅनिक आता थोडेच उरले आहेत. तीस वर्षांनी कोणी तो खोका उघडला तर त्याला अंधारात चाचपडावे लागू नये.