जिवतीचा कागद

आषाढ सरत आला की बोईसरच्या बाजारात पूजासाहित्याच्या दुकानांतून जिवतीचे कागद लागतात आणि दिव्यांच्या अवसेपर्यंत घिवली-तारापूरकडच्या घरांत पोचतात. स्वस्त, भडक आणि महिन्याभराचा पाहुणा. पण हे चार गोष्टींचं बिनअक्षरी पुस्तकच आहे.

वर खांब फोडून आलेला नरसिंह, जवळ प्रल्हाद. मग कालियाच्या फण्यावर कृष्ण. त्याखाली जरा-जिवंतिका, अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या. तळाशी हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती.

पहिली दोन चित्रं पोरं आपापली ओळखतात. जिवतीचं तसं नाही. कहाणीत सुईण राणीसाठी गरीब ब्राह्मणीचं मूल पळवते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवते. बाई मात्र शुक्रवारी जिवती पुजून, मूल असेल तिथे सुखी राहो म्हणत अक्षता टाकत राहते. पुढे भर पंगतीत तिला पान्हा फुटतो, धारा राजा झालेल्या त्या मुलाच्या तोंडात पडतात आणि ओळख पटते. यातलं काही कागदावर नाही, ना वरवंटा, ना पंगत. चित्रकाराने लेकुरवाळी तेवढी ठेवली, बाकीचं आजीवर सोडलं. फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या 19व्या शतकातल्या छापील कागदांवर परीकथा चौकटी-चौकटींनी, खाली मजकुरासह येत. आपला कागद मुका, आणि मला तोच जास्त आवडतो.

बुध-बृहस्पतीची कहाणी तर चित्र काढायलाच सांगते: पैसा हवा तर पेटीवर दोन बाहुल्या काढाव्या. छापील कागद नव्हता तेव्हा जिवतीही बायकाच भिंतीवर गंधाने काढत. याच पालघरात वारल्यांच्या लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात. तिथे हात टिकला, इथे शिळाछाप आला.

ही युक्ती झेनेफेल्डरने 1796च्या सुमारास जर्मनीत शोधली. चुनखडीच्या घोटीव दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी राहतं, शाई फक्त चित्राला धरते. रंगीत चित्राला दर रंगाला वेगळा दगड. पुण्यात 1878मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली, 1894मध्ये मुंबईत रवी वर्म्यांचा छापखाना निघाला. तो पुढे मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रं सामान्यांच्या भिंतीवर आली ती अशी. त्यातली बरीच काचेआड टिकली. जिवती बहुतेक घरांत भिंतीला नुसती चिकटवलेली, श्रावण संपला की उतरायची.

तोवर दर शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, चणे-गूळ आणि मुलांचं औक्षण. जे मूल घरी नाही, त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता. मग ते लोकलने मुंबईला गेलेलं असो की विमानाने दुबईला.